मिनिटाला तीन हजार ठोके

होळीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी सहा वाजून चौदा मिनिटांनी, हळद काढायला निघालेली चौतीस वर्षांची एक मजूर बाई शेताच्या कुंपणाला चिकटून मेली. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता त्या मृत्यूचं खापर दुसऱ्याच एका बाईच्या डोक्यावर फोडलं गेलं. अन्याय दोघींवर झाला. नावं लिहीत नाही, कारण खटला चालू आहे आणि सगळ्यांची घरंदारं त्याच गावात आहेत. पण ती सकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तुमच्याही जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

मी कॉलेजात असताना पत्रकं लिहून बाजारात वाटायची. पुढे परीक्षा दिली, पोलीस उपनिरीक्षक झाले, आठ वर्षं वर्दी घातली आणि पस्तिशीच्या आत राजीनामा दिला. तेव्हा हे निवृत्त अधिकाऱ्याचे अनुभवाचे बोल म्हणून वाचू नका. रागाने लिहिलंय, तसंच वाचा.

घटनास्थळ कनेरगाव नाक्यावरून आत सहा-सात किलोमीटरवर. उन्हाळी भुईमुगाचं शेत आणि त्याच्या चारी बाजूंनी तार. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक ठेवत नाहीत, म्हणून शेतकरी झटका मशीन लावतात. बॅटरीवर चालणारं हे यंत्र सव्वा सेकंदाला एकदा तारेत ठोका सोडतं. जनावर दचकतं आणि पळतं, मरत नाही. त्या कुंपणाच्या कोपऱ्यावर, खांबाला, जेवणाचा एक प्लास्टिकचा डबा बांधलेला होता. आत हिरवी पट्टी, तिच्यावर बोटभर चिप, बॅटरी, आणि झाकणातून वर आलेली वीतभर एरिअलची काडी. पंचनाम्याला जमलेल्या गर्दीला तेवढं पुरलं.

"हेच ते! डबेवालीचं मशीन! ह्यानंच मारलं."

डबेवाली म्हणजे नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणारी, चाळिशीची, बौद्ध वस्तीतली बाई. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, शिकली, सुटे भाग कुरिअरने मागवू लागली. आधी टाकी भरली की शिट्टी वाजवणारं यंत्र केलं, मग हळद शिजवायच्या कढईचं तापमान दाखवणारं. त्यानंतर कुंपणावरचे हे डबे, आठ शेतांत आठ. नवरा म्हणायचा, बाकीच्या बाया भिशी लावतात, ही वायरी लावते.

दुपारी बारा वाजता शेताचा मालक ठाण्यात आला. मोठा शेतकरी, चार लोकांत वजन असलेला. हातात अर्ज: झटका मशीनला सदर बाईने बेकायदेशीर यंत्र जोडल्यामुळे करंट वाढला व अनर्थ घडला. घटनेच्या वेळी आपण गावातल्या घरी होतो, असंही त्यात लिहिलेलं.

तो गेल्यावर आमचे जमादार अर्ज हातात घेऊन बघत राहिले. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस.

"मॅडम, मढं अजून दवाखान्यातून आलं न्हाई, आन् ह्याचा अर्ज टाइप होऊन आला. मार्जिन सोडून."

हे निरीक्षण मी तेव्हापासून गाठीला बांधलंय. ज्याला धक्का बसलेला असतो तो माणूस ठाण्यात येऊन धड बोलत नाही, पाणी मागतो, चप्पल विसरून जातो. मुद्देसूद बोलतो तो घरून ठरवून आलेला असतो.

वरून फोन आला तो तासाभरात. "अकस्मात मृत्यूची नोंद झालीय ना? मग त्या डबेवालीला आत घ्या, विषय मिटवा. गावात तणाव नको." तणाव कुणाला नको होता? त्या अर्जात डबेवालीच्या वस्तीचं नाव तीनदा होतं. शेताच्या मालकाच्या आखाड्याचं, म्हणजे शेतातल्या त्याच्या गोठ्याचं आणि झोपडीचं, एकदाही नव्हतं. आणि तो आखाडा प्रेतापासून दीडशे पावलांवर होता.

मी डबेवालीला बुधवारी सकाळी बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली. ती घाबरलेली नव्हती. चिडलेली होती.

"मॅडम, तुमी माझा डबा सील केला. उघडून बघितला का?"

"तज्ज्ञ बघतील."

"तज्ज्ञ कवा येतील? माझा डबा तारेत काही सोडतच न्हाई. त्यो कान हाय, हात न्हाई. तार किती ठोके देते ते मोजतो आन् बिनतारी माझ्या घरी कळवतो. माझ्या भिंतीवर आठ दिवे हायत. ठोके बराबर तर हिरवा. तार तुटली, गवत लागलं, ठोके बंद झाले तर लाल. मग मी शेतकऱ्याला फोन करते."

"त्या रात्री दिवा कुठला होता?"

"हिरवा. सकाळपस्तोर हिरवाच."

"म्हणजे तार ठीक होती. मग बाई मेली कशी?"

तिने सीलबंद डब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "डब्यात बोटाच्या नखाएवढं कार्ड हाय. मला नोंदी ठेवायची खोड हाय, दर मिनिटाचा आकडा त्याच्यात जातो. ते बघा. पण मला हात लावू देऊ नका. नंतर म्हणतील हिनंच बदललं."

आरोपीच्या खुर्चीत बसवलेली बाई मला पुरावा कसा सांभाळायचा ते शिकवत होती.

दोन पंचांसमोर सील उघडलं. डब्यातलं घड्याळ माझ्या मोबाइलशेजारी ठेवून वेळ ताडून पाहिली, बरोबर होती, तसं पंचनाम्यात लिहिलं. कार्डाची प्रत काढली, मूळ कार्ड पुन्हा सील केलं, प्रयोगशाळेला पाठवलं. प्रत ठाण्याच्या कॉम्प्युटरवर उघडली. आकड्यांची रांगच रांग. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. सोमवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांपर्यंत. आणि मग एकदम तीन हजार. रात्रभर तीन हजार. सकाळी सहा चौदाला आकडा अडखळला, परत तीन हजार झाला. सहा एकतीसला शून्य.

मी तिला पुन्हा बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. तिने बोट सात-पाचवर ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ही मशीन न्हाई. ही लाइन हाय, मॅडम. खांबावरची लाइट. ती सेकंदाला पन्नास झोके घेते. साठ सेकंदांचे करा हिशेब."

"तारेत थेट लाइन सोडली होती?"

"खांबावरच्या तारेला वायरीचा आकडा टाकून. व्हय."

"मग तुमचा दिवा लाल का झाला नाही?"

जमादार लिहायचे थांबले. तिने कागद उलटा करून ठेवला.

"मीच होऊ देला न्हाई," ती म्हणाली. "आधी व्हायचा. शेजारी मोटर चालू झाली की आकडा उडायचा, दिवा लाल, मी फोन करायची. शेतकरी खेटे घालून वैतागले. म्हणायचे, ताई, तुमचा डबा लय रडका हाय, घरच्या सासूवाणी. हसायचे. म्हणून मी प्रोग्राममधी लिहिलं, शंभराच्या वरचा आकडा आला तर खोटा समज, टाकून दे, आधीचाच धर. तीन हजार आले, कार्डात उतरले, पण दिव्याला कळवायच्या आधी माझ्या डब्यानं ते फेकून देले. रातभर मला अठ्ठेचाळीस दाखवत राहिला. लाल झाला असता तर मी संध्याकाळीच फोन केला असता. ती बाई आज असती."

"हे जबाबात आलं तर वकील तुम्हाला सोलून काढतील."

"लिहा. ते सोडून बाकीचं तेवढं लिहिलं, तर बाकीचं तरी कोण खरं मानंल?"

मी लिहिलं.

पुढचं काम पायांनी करायचं होतं. शेजारच्या शेतातल्या डब्याचं कार्ड तपासलं. त्यात रात्रभर अठ्ठेचाळीस. म्हणजे तीन हजार हवेतून आले नव्हते, त्या एकाच तारेत होते. वीज उपकेंद्राची नोंदवही पाहिली. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची होती आणि मंगळवारी सकाळी आठपर्यंत एकदाही गेली नव्हती. मग सहा एकतीसला तारेतली लाइट गेली कुठे? ती गेली नव्हती, कुणीतरी काढली होती. मेलेलीच्या सोबतिणी सहा सोळाला गावात फोन करून तशाच मदत आणायला पळाल्या होत्या. माणसं घेऊन परत आल्या पावणेसातला. मधल्या वेळात तिथे ती बाई होती आणि आकडा काढणारा हात होता. दुसरं कुणी नव्हतं.

आखाड्याच्या झडतीत कडब्याच्या गंजीमागे काळ्या वायरचं वेटोळं सापडलं, एक टोक सोललेलं. विद्युत निरीक्षकांनी खांबावरच्या तारेला ताजा घासल्याचा व्रण दाखवला.

मालकाला नोटीस देऊन बोलावलं. तो दोन माणसं घेऊन आला. मी त्यांना बाहेर बसवलं.

"तुम्ही कुठे होता?"

"घरी. अर्जात लिव्हलंय की."

मी आकड्यांचा कागद पुढे सरकवला. त्याने बघितलाही नाही. "त्या बाईचे आकडे व्हय? ती काय इंजिनीअर हाय का?"

"नाही. उपकेंद्राचा ऑपरेटर आहे इंजिनीअर. त्याची वही बघा. लाइट आठपर्यंत होती. तुमची तार सहा एकतीसला थंड झाली. कशी?"

"मला काय म्हाईत."

"वायर कडब्यामागे गेली ती चालत गेली का?"

मी पुढे काही विचारलं नाही. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं, ते सोसायची ताकद मात्र हवी. त्याने रुमाल काढला, घडी केली, मोडली, परत केली.

"मॅडम, डुकरासाठी लावली व्हती. माणसासाठी न्हाई. झटक्याला डुकरं भेत न्हाईत आताशा. सगळेच लावून राहिले, मी एकटा हाय का?"

"ती पडलेली दिसली तेव्हा काय केलं?"

"आकडा काढला."

"आणि?"

"आन् गेलो."

तिला हात लावला का, हाक मारली का, नाडी बघितली का, हे मी एकेक करून विचारलं. प्रत्येकाला उत्तर न्हाई. शेवटी म्हणाला, "मी घाबरलो." घाबरलेल्या माणसाने तीस फूट वायर गुंडाळून कडब्यामागे दडवली आणि अर्ज टाइप करायला दिला.

सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमं लागली. डबेवाली आरोपी नव्हे, साक्षीदार झाली. दोषारोपपत्राआधी मी सोबतिणींचे जबाब पूर्ण करत होते. त्यातल्या वयाने मोठ्या बाईने अंगठा उठवला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"मॅडम, एक इचारू? आमी आलो व्हतो की तुमच्याकडं. पंधरा-वीस रोजाखाली. त्या बांधावर कुत्रं मेलं व्हतं, तारेला लाइट हाय म्हणून सांगाया. ती बी व्हती संगं. तुमीच म्हणलं, लाइटवाल्याकडं जा."

मला आठवलं. बंदोबस्ताची घाई होती. दारात तिघी-चौघी उभ्या होत्या, मी जीपमध्ये चढता चढता बोलले होते. स्टेशन डायरीत शोधलं. नोंद नव्हती. मीच घेतली नव्हती.

डबेवालीने स्वतःची चूक जबाबात लिहायला लावली होती. मी काय वेगळी होते? मी तपासाच्या अहवालात ओळ घातली: मयत व तिच्या सोबतिणींनी पूर्वी तोंडी तक्रार दिली होती, तपास अधिकाऱ्याने नोंद घेतली नाही. साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली. "स्वतःवर कशाला ओढून घेता? खात्याची अब्रू जाते." मी खोडली नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. माझी तक्रार नाही, मिळायलाच हवी होती. मालक जामिनावर बाहेर आहे. डबेवालीने आठही डबे काढून आणले, प्रोग्राम बदलला आणि परत बसवले. आता लाल दिवा लागला की ती फोन करते, लोक वैतागतात, ती परत फोन करते.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच: त्या बाईला वाचवायची वेळ सकाळी सहा चौदाची नव्हती. ती कुत्रं मेलं त्या दिवशी होती, आणि तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही.

आता तुम्ही. तुमच्या शेताच्या कुंपणात आकडा टाकलेला असेल, तर हा कागद खाली ठेवा, उठा, वायरमनला बोलवा आणि काढून टाका. सगळेच लावतात, हे मला सांगू नका. शेजाऱ्याने टाकलेला असेल, तर त्याला आज सांगा. ऐकलं नाही, तर ठाण्यात जा. कुणी जीपमध्ये चढता चढता "लाइटवाल्याकडं जा" म्हणालं, तर जीपपुढे उभे राहा. नोंद झाल्याशिवाय, नोंदीचा क्रमांक हातात पडल्याशिवाय, तिथून हलू नका.