चुकलं की नवा कागद

शिकण्याची हौस हा आजार असता तर आमचे टायपिंगवाले चाचा केव्हाच दगावले असते. लातुरात कुठेही नव्या क्लासची पाटी लागायचा अवकाश, चाचा वही घेऊन पहिल्या बाकावर हजर. लघुलेखन झालं, इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर झाला, फाडफाड इंग्रजीही झालं; आणि दर वेळी त्यांचं शिकून होईपर्यंत त्या विद्येचं गिऱ्हाईक संपलेलं असायचं.

मला टायपिंग त्यांनीच शिकवलं. पुढे मी कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा पहिला प्रवेश साठीला टेकलेल्या चाचांचा. गल्लीत "काय बेटा, जेवला का?" असं विचारणारा हा माणूस दाराशी चप्पल काढली की मला सर म्हणायचा आणि मी आत गेलो की उठून उभा राहायचा. "चाचा, बसा हो," म्हटलं तर म्हणत, "क्लासात चाचा न्हाई. हजेरी घ्या, सर." पोट बिघडलं तर रजेचा अर्ज द्यायचे, तोही टाइप केलेला, खाली पालकाची सही म्हणून चाचींचा अंगठा.

या खेपेला मात्र नुसती हौस नव्हती. डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासांचं गावात पेव फुटलं होतं. त्यातल्या एका ठिकाणी चाचा टाइपरायटरवर प्रश्नपत्रिका तयार करत. तिथल्या सरांनी बजावलं होतं, क्लासच्या येत्या परीक्षेत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मिळवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. चाचांचं घर त्याच पगारावर चालायचं.

अडचण एकच होती. एक अक्षर चुकलं की चाचा नवीन फाईल उघडून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत. एका अर्जाच्या त्रेचाळीस फाईली त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर करून ठेवल्या होत्या. खोडायचं बटण मी शंभरदा दाखवलं. "हाव, समजलं सर," म्हणायचे, वहीत त्याचं चित्रही काढून घ्यायचे.

परीक्षेला पर्यवेक्षक मीच. शेवटच्या ओळीत चाचांचा एक काना राहिला. ते थांबले. खोडा, खोडा, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. त्यांनी शांतपणे नवीन फाईल उघडली आणि निम्म्यावर वेळ संपली. आठवड्याभरात तिकडे दुसरा माणूस आला.

मी चिडलो. "इतकं सगळं शिकलात चाचा, एक बटण दाबता येईना?"

त्यांनी वहीतलं त्या बटणाचं चित्र उघडून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, भूकंपाच्या वर्षी किल्लारीकडची लई माणसं अर्ज टाइप करायला यायची. एकाच्या अर्जात त्याच्या घरातल्या मेलेल्यांची नावं होती. बायकोचं नाव माझ्याकडनं चुकलं. चुकलं की वरून फुल्या मारायची आमची रीत. मारायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. म्हणला, तिच्यावर फुली नका मारू, नवा कागद घ्या. तवापासून खोडायला बोटच उचलत न्हाई."

मला लाज वाटली.

चाचांनी पुढच्या बॅचलाही नाव घातलं. आता नोकरी नाही, मग कशाला, असं मी विचारलं नाही. खोडायचा धडा असतो त्या दिवशी मात्र मी त्यांना येऊ नका म्हणून सांगतो. तो शिकवायला माझी जीभ रेटत नाही.