मिठावर न पळलेली गाडी

संतपूरच्या आमच्या वर्कशॉपात अण्णांना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा ते येरझारा घालत पितात. दुरुस्ती ट्रॅक्टरची करतात, पण जीव अडकलाय वेगाच्या विक्रमात. त्यासाठी त्यांनी माशासारखी निमुळती, बंदिस्त मोटारसायकल बांधली. आत आडवं पडून चालवायची. सातवीत शाळा सोडून कोकणातून आलेल्या मला त्यांनीच वेल्डिंग शिकवलं, आणि या गाडीच्या हँडलचा जोडही मलाच करायला दिला.

यंदा गाडी टेम्पोत घालून आम्ही कच्छच्या मिठाच्या मैदानावर गेलो. तिथं वेगाच्या विक्रमांची स्पर्धा होती आणि अण्णांना एकच फेरी मिळणार होती. ते आत शिरले, पट्टा बांधला. मी झाकण लावता लावता थांबलो.

"अण्णा, हँडलचा जोड करताना माझा हात हलला होता. आतून कच्चा राहिला, वरून घासून गुळगुळीत केला मी."

"आता सांगायलास व्हय?"

"भ्यालो होतो."

ते बाहेर आले. फेरी सुरू करायला निशाण घेऊन उभ्या माणसाला हातानंच नको म्हणाले आणि पांढऱ्या मैदानात कितीतरी वेळ एकटेच चालत राहिले. परतले तेव्हा डोळे लाल होते.

"मिठानं चुरचुरायलेत," म्हणाले. "चल, गाडी चढव."

परतीच्या वाटेवर मी शिव्यांची वाट पाहत होतो. वर्कशॉपात पोचल्यावर त्यांनी तो जोड कापून काढला आणि नवा पाइप माझ्यापुढे ठेवला.

"अण्णा, दुसऱ्या कुणाला सांगा की."

"कामून? दुसरा सांगल का मला, हात हलला म्हणून?"