कापसाचे बोळे

तलावावरचा जीवरक्षक कामावर बसला की कानात कापसाचे बोळे कोंबायचा. तिकीटवाली बाई त्याला ‘बहिरोबा’ म्हणायची. म्हणू दे बापडी! पाण्याकाठी उमर गेल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. ओरडणारा माणूस बहुतेक वेळा मजेत असतो. बुडणाऱ्याला श्वासच पुरत नाही, तो ओरडणार कुठून? आणि कान असे आगाऊ, की गलका असेल तिकडे डोळ्यांना ओढून नेतात.

पण आज भाची आली होती. ताई तिला सोडून जाताना म्हणाली, “तुझ्या भरवशावर ठेवतेय हं.” भाचीने लगेच हट्ट धरला, “मामा, तो कापूस काढ ना! मी हाक मारली तर ऐकू कसं येणार तुला?” लाडक्या भाचीपुढे मामाचं काय चालणार? त्याने बोळे काढून खिशात टाकले.

उथळ बाजूने तिचं “मामा, बघ!” येत राहिलं, आणि हा खुशीत मान डोलवत राहिला. तेवढ्यात पायऱ्यांपाशी चेंडूवरून दोन पोरांची जुंपली. एकाने तर भोकाडच पसरलं. जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, दोघांना दरडावलं. भांडण मिटलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की “मामा, बघ” थांबलंय. कधीपासून, कोण जाणे.

तिची लाल टोपी उथळ बाजूला नव्हती. तो शोधू लागला, पण प्रत्येक किंकाळी त्याची नजर हिसकावून घेत होती. इकडे कोणी खिदळलं, तिकडे कोणी धपकन उडी मारली. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी त्याने दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले.

तेव्हा कुठे डोळे ताळ्यावर आले. लाल टोपी दोराच्या पलीकडे, खोल बाजूला होती. चेहरा आभाळाकडे, तोंड उघडं, हात पाणी खाली दाबताहेत, आणि आवाज अजिबात नाही. हातभर अंतरावर लोक हसत पोहत होते.

त्याने उडी टाकली. काठावर आणल्यावर ती खोकली, पाणी ओकली, मग रडायला लागली.

“किती हाका मारल्या मी तुला!” ती हुंदके देत म्हणाली. “कापूस काढला होतास ना, मामा?”

“काढला होता गं,” तो म्हणाला. “म्हणूनच...” आणि तिकीटवालीच्या देखत तोही ढसाढसा रडू लागला.