तक्रारदार पाहिजे

मार्लीन हॅसलमबाईंच्या दारावर पाटी होती, "घर सोडून घरी या". समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती चौतीस वर्षं टिकली, दोनदा रंगवून झाली, आणि दोन हजार वीस सालच्या जूनमध्ये तिनंच बाईंना गोत्यात आणलं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर सॉल्टन सँड्सला बाईंची तीन खोल्यांची खाणावळ-कम-मुक्काम. जास्तीत जास्त सहा पाहुणे, सकाळची न्याहारी धरून. खालच्या मजल्यावर बाई आणि त्यांचा नवरा क्लिफर्ड राहायचे. बाईंचा स्वभाव असा, की पाहुणा दारात आला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याचे ओले मोजे काढून घ्यायच्या. रॉचडेलचा एक नळदुरुस्तीवाला दोन रात्रींसाठी आला होता, तो पुढं एकोणतीस वर्षं येत राहिला. त्याच्या मुली बाईंना मावशी म्हणत. त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नावसुद्धा बाईंना पाठ होतं. क्लिफर्ड स्वयंपाकघरात असायचा. अंडी, बेकन, सॉसेज तळायचा आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर एकच मत द्यायचा, "बघू."

मार्चमध्ये करोनामुळं सरकारनं हुकूम काढला, सगळी हॉटेलं बंद. बाईंनी उन्हाळ्याच्या आगाऊ नोंदणीचे पैसे त्याच आठवड्यात सगळ्यांना परत केले. कुणी मागितले नव्हते, तरी केले. मग सरकार म्हणालं, बंद पडलेल्यांना आम्ही मदत देऊ. त्या रस्त्यावरच्या लोकांनी सरकारला बरं म्हणायची ती पहिलीच वेळ असावी. समोरच्या मासे-चिप्सवाल्याला दहा हजार पौंड आले. कोपऱ्यावरच्या पबला आले. बाईंना आलं पत्र. ज्यांच्याकडे सहापेक्षा जास्त पाहुणे मावत नाहीत आणि जे स्वतः तिथंच राहतात, ते व्यापारी पट्टी भरत नाहीत, घरपट्टी भरतात. आणि मदत व्यापारी पट्टीवाल्यांनाच आहे. थोडक्यात, बाई, तुम्ही घर आहात, धंदा नाही.

अशा घरपट्टीवाल्यांनी देशभर आरडाओरडा केला, तेव्हा त्यांच्यासाठी एक वेगळी, लहानशी थैली निघाली. बाईंच्या वाट्याला त्यातून पाच हजार येऊ शकत होते. ते आले तर न्हाणीघरांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते निघणार होते. नाही आले तर घर विकून प्रेस्टनला क्लिफर्डच्या बहिणीकडे, आयरीनकडे, मागच्या खोलीत राहायला जायचं होतं. आयरीन सोफ्यावरचं प्लॅस्टिक पाहुण्यांसाठीसुद्धा काढत नसे. बाईंना त्या प्लॅस्टिकचा आवाज आताच ऐकू यायला लागला होता.

अर्जांची शेवटची मुदत होती शुक्रवारी दुपारी बारा. मंगळवारी नगरपालिकेतून टॉडहंटर नावाच्या तरुणाचा फोन आला. मार्चपर्यंत तो बिचारा बागेतल्या बाकांची देखभाल बघत असे. आता त्याच्या पुढ्यात साडेतीनशे अर्ज होते आणि अनुभव बाकांचाच.

"मिसेस हॅसलम, तुम्ही अर्जाबरोबर दिलेल्या पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या तिन्ही वह्या वाचल्या मी. दोनदा रडू आलं."

"येणारच रे बाळा."

"पण तीच तर पंचाईत आहे ना! हे ऐका. 'आईकडे आल्यासारखं वाटलं.' 'मावशी, नाताळात तुम्हीच आमच्याकडे या.' 'क्लिफर्डकाका, तुमचा पायजमा धुऊन परत पाठवतोय.' वर दारावरची पाटीसुद्धा म्हणते 'घरी या'. हे पाहुणे आहेत का नातेवाईक?"

"पाहुणे आहेत, पाहुणे!"

"मग काकांचा पायजमा कसा काय घातला त्यानं?"

"त्याचा भिजला होता. मग काय नागडा बसवू का त्याला?"

"हॉटेलात कुणी मालकाचा पायजमा घालतं का, तुम्हीच सांगा. गेल्या आठवड्यात तिघांनी आपापल्या आत्याचं घर हॉटेल म्हणून दाखवलंय मला. आत्या पण पैसे घेते म्हणाले. तुमचे कराचे कागद ठीक आहेत, पण मला तिऱ्हाईताचा पुरावा लागतो. इथं परके लोक येऊन राहायचे, असा."

"म्हणजे कसला?"

टॉडहंटर जरा अडखळला. "एखादी तक्रार वगैरे? हॉटेल म्हटलं की तक्रार आलीच. घरात लेखी तक्रार कोण करतं?"

"चौतीस वर्षांत," बाई ताठ बसत म्हणाल्या, "या घराची एकही—" आणि आपल्याच तोंडानं आपण काय म्हणतोय हे लक्षात येऊन गप्प झाल्या.

सरकारी माणसानं वाईट वागणुकीचा दाखला मागावा आणि आपल्याकडे तो नसावा, असा प्रसंग भल्या माणसावरच येतो. बाईंनी फोन ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मेल्यांना एकदा तरी चहा गार लागू नये?

"एक होती की तक्रार," क्लिफर्ड स्वयंपाकघरातून म्हणाला.

"कुणाची?"

"एंटविसल."

हे नाव त्या घरात बावीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ॲक्रिंग्टनचे मिस्टर एंटविसल बायकोसह एका आठवड्यासाठी आले होते. सरकारी नोकरी, वजनमापं तपासण्याची. खिशात छोटा तराजू. न्याहारीला बसले की आधी जोखायचे, मग खायचे. सहाव्या दिवशी सकाळी ते हातात घड्याळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि क्लिफर्डची अंडी किती मिनिटं उकळतात ते मोजू लागले. तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुक्काम संपत होता. बाहेर धो धो पाऊस. इतर कुणी असतं तर बाईंनी त्यांना बस येईपर्यंत बसवलं असतं, वर सँडविचं बांधून दिली असती. पण दहाचा ठोका पडला आणि बाईंनी त्यांच्या बॅगा पायरीवर नेऊन ठेवल्या. "दहाला खोली सोडायची असते," एवढंच म्हणाल्या. दोघं भिजत बसथांब्याकडे गेले. पंधरा दिवसांनी पर्यटन कार्यालयातून तक्रारीचं पत्र आलं. ते बाईंनी वाचायच्या आधीच क्लिफर्डनं शेगडी पेटवायला वापरलं.

"फोन लाव की," क्लिफर्ड म्हणाला.

"कुठल्या तोंडानं लावू रे?"

"बघू," म्हणत त्यानं जुनी टेलिफोन डिरेक्टरी पुढं सरकवली.

ॲक्रिंग्टनात एंटविसल पुष्कळ. पहिल्या तिघांनी बाईंना विमा विकणारी समजून फोन आपटला. चौथ्यानं उचलला.

"एंटविसल."

"मी मार्लीन हॅसलम बोलतेय, सॉल्टन सँड्सहून. तुम्ही अठ्ठ्याण्णव साली—"

"लोणी," पलीकडून आवाज आला.

"काय?"

"तेवीस ग्रॅम. दोन माणसांत तेवीस! मी वजन केलं होतं."

बाईंनी ओठ चावला. चौतीस वर्षांचं घर डोळ्यांपुढं आणलं, आयरीनचं प्लॅस्टिकही आणलं. "तेच पत्र हवंय मला. तुमच्याकडे प्रत असेल का?"

"बाई, उभा जन्म मी वजनमापं तपासण्यात घालवला. माझ्याकडे प्रत नसेल तर कुणाकडे असेल? पण उत्तर द्यायला तुम्ही बावीस वर्षं लावलीत."

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. घरपट्टी, थैली, टॉडहंटर, पायजमा.  शेवटी एंटविसल म्हणाले, "म्हणजे मी तुमची बदनामी केली की सरकार तुम्हाला पैसे देणार?"

"तसंच आहे ते."

"चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. इतकं अक्कल गहाण टाकलेलं काम आमच्याही खात्यात झालं नव्हतं." पण आवाजात उत्साह मावत नव्हता. "उद्याच्या पहिल्या टपालानं टाकतो. चांगल्या पाकिटात घालून."

गुरुवारी पत्र आलं. टंकलेखन यंत्रावर ठोकलेलं, कलमवार. बाईंनी ते उभ्यानंच वाचलं. टोस्ट गार, आणि तोही तिरका कापलेला. गादीचा उतार डावीकडे, दर फुटाला पाव इंच. न्हाणीघर सात वाजून दहा मिनिटांनी व्यापलेलं, आतून गाण्याचा आवाज. मालकीणबाई नको तितकी चौकशी करतात. अंड्यांच्या वेळेत बावन्न सेकंदांपर्यंत फरक. आणि सोळावं कलम: मुसळधार पावसात, बरोबर दहा वाजता, सामानासह बाहेर काढलं. त्याच्याखाली "आणि" असा एकच शब्द होता, तिथं पान संपलं होतं. दुसरं पान पाकिटात नव्हतं.

बाईंना प्रत्येक कलम झोंबलं. गाणं क्लिफर्डचं होतं, ते एक सोडा. पण नको तितकी चौकशी? त्या दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या कुणाचीही चौकशी केली नाही. शुक्रवारी सकाळी मात्र त्यांनी फोनवर त्या पानाचा फोटो काढला आणि नगरपालिकेला पाठवून दिला. साडेअकराला टॉडहंटरचा फोन आला.

"मिसेस हॅसलम, हे काय पाठवलंय तुम्ही! काय सुरेख आहे! गादीचा उतार मोजलाय हो त्यानं!"

"हं."

"आणि हे खरं का? भर पावसात, दहाच्या ठोक्याला बाहेर काढलंत?"

"काढलं," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना परत सांगावं लागलं, "काढलं रे."

"वा! म्हणजे, वाईटच झालं ते, पण वा! आत्याला कुणी असं काढत नाही हो. हे हॉटेलच आहे, शंभर टक्के. करून टाकतो मंजूर."

पाच हजार पौंड. घर राहिलं. क्लिफर्डनं आनंदाच्या भरात दोन माणसांना आठ अंडी फोडली. बाई मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. चौतीस वर्षं जीव लावला त्यातलं काही उपयोगी पडलं नाही, आणि एकदाच माणुसकी सोडली तेवढीच कामी आली, हे त्यांच्या काळजाला लागलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी ॲक्रिंग्टनला फोन लावला.

"मिळाले पैसे, मिस्टर एंटविसल."

"मिळणारच. कागद पक्का होता."

"तुम्हाला त्या दिवशी पावसात काढायला नको होतं मी. चुकलंच माझं."

"ते सोळाव्या कलमात आलेलं आहे."

"हो. पण त्याच्यापुढं 'आणि' म्हणून पत्र तुटलंय. दुसरं पान राहिलं का तुमचं?"

"राहिलं नाही. मुद्दाम नाही पाठवलं. तुमची केस बिघडली असती."

"आता वाचाल का?"

पलीकडे खुर्ची सरकली, खण उघडला, चष्म्याच्या डबीचं झाकण वाजलं. मग मिस्टर एंटविसल सरकारी आवाजात वाचू लागले. "कलम सतरा. वरील सर्व प्रकार घडूनही माझी पत्नी विनिफ्रेड हिला पुढच्या वर्षी पुन्हा याच घरी यायचं आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला इतकं बरं आजवर कुठंही वाटलेलं नाही. हे कसं घडलं, याचा आपल्या कार्यालयानं तपास करावा."

बाईंना हसू आलं. "मग आला का नाहीत हो?"

"असं पत्र लिहिल्यावर कुठल्या तोंडानं येणार? ती दरवर्षी म्हणायची, मी म्हणायचो पुढच्या वर्षी. सहा वर्षं झाली तिला जाऊन." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "त्या आठवड्यात आम्ही काय खाल्लं, किती वाजता उठलो, सगळं या पत्रात आहे. अधूनमधून काढून वाचतो मी. तुम्हाला आठवते का ती?"

बाई आठवू लागल्या. एंटविसलच्या मिशा आठवल्या. तराजू आठवला, घड्याळ आठवलं, पायरीवरच्या दोन बॅगा आठवल्या. बॅगांशेजारी कुणीतरी उभं होतं. त्या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. सबंध आयुष्यात ज्या बाईला या घरात सगळ्यात बरं वाटलं, तीच नेमकी विसरलेली. बाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"आठवते तर," त्या म्हणाल्या. "न आठवायला काय झालं?"

"कोट कुठल्या रंगाचा होता तिचा?"

या माणसानं जन्मभर तपासणीच केली होती. बाईंनी डोळे मिटले. "निळा."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"हिरवा," मिस्टर एंटविसल म्हणाले. "बाटलीहिरवा. त्या प्रवासासाठीच घेतला होता."

"मला माफ करा हो," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. "खरंच नाही आठवत. फार वाईट वाटतंय मला."

"थांबा, बाई, थांबा. हे पत्रात लिहून घेतो." खणात पेन शोधल्याची खुडबुड झाली. त्यांचाही आवाज आता तितकासा सरकारी राहिला नव्हता. "कलम अठरा. आज तारीख काय?"

"पाच जून," बाईंनी नाक पुसत सांगितलं.