परत एकदा सांगा

समोरचा माणूस बोलायला लागला की ती ओढणी उजव्या कानामागे सारायची, थोडी पुढे वाकायची आणि त्याचं बोलणं संपल्यावर शांतपणे म्हणायची, "परत एकदा सांगा." कंडक्टर असो, प्राध्यापक असो, नाहीतर बाजारातली भाजीवाली, सगळ्यांना तेच. गंमत अशी की लोक दुसऱ्यांदा सांगताना जास्त खरं बोलायचे. पहिल्या वेळी गिळलेलं काहीतरी हळूच बाहेर यायचं. आम्हाला वाटायचं, ही जन्मजात पत्रकार आहे.

मी भोरची, ती कापूरहोळच्या फाट्यावरची. तिच्या अब्बांचं तिथे ट्रकचे पत्रे ठोकायचं गॅरेज होतं आणि मागेच घर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या एका कॉलेजात नवा अभ्यासक्रम निघाला. सकाळी कला शाखेचे तास, दुपारी पत्रकारितेचे आणि शेवटी दोन्ही पदव्या. आमच्या भागातून आम्ही दोघीच गेलो. मी भोरहून पहिल्या एसटीत बसायची आणि कापूरहोळपर्यंत तिची जागा धरून ठेवायची.

एकाच पोरीला दोन पदव्या कशाला, असं गिऱ्हाइकं विचारायची. अब्बा हातोडा न थांबवता ओरडून सांगायचे, "येक तिची, येक माझी."

तिचा खरा जीव सकाळच्या तासांत होता. मराठीच्या मॅडम म्हणायच्या, घाई करू नका, बघत राहा. दुपारी पत्रकारितेचे सर म्हणायचे, चार ओळींत संपवा. तिच्यात दोघांची सरमिसळ व्हायची. गुऱ्हाळाला आग लागल्याच्या बातमीत तिने करपलेल्या गुळाच्या वासावर अख्खा परिच्छेद लिहिला. सरांनी समासात शेरा मारला, "कवितेचा तास सकाळी असतो." तो शेरा तिने आठवडाभर सगळ्यांना दाखवला.

दुसऱ्या वर्षी ती पहिल्या बाकावर बसायला लागली. मॅडम फळ्याकडे वळल्या की मला कोपर मारून विचारायची, काय म्हणाल्या? मला वाटायचं, हिचं लक्ष नाही. मग एकदा स्वारगेटला तिच्या पाठीमागून एक एसटी रिव्हर्स घेत येत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लोक ओरडत होते आणि ती निवांत चालली होती. मी दंडाला धरून ओढलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. मग तिने मागे पाहिलं. त्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजला गेलोच नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांच्या नसा कमजोर होत चालल्यात, औषध नाही, हळूहळू आणखी कमी होईल. मी तिच्या घरी गेले तेव्हा अब्बा जुन्या टायरवर बसले होते. ते मला म्हणाले, "आमच्या घरात समदीच वरडून बोलत्यात. आमाला कसं कळावं?" मी चहा घेतला आणि आले.

कानाचं यंत्र आणलं. खिशात ठेवायची डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. एसटीत त्यातून माझ्यापेक्षा इंजिनच मोठं ऐकू यायचं आणि गॅरेजमध्ये हातोड्याचा प्रत्येक घाव डोक्यात बसायचा. बहुतेक वेळ ते तिच्या पर्समध्येच असे. ती लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. मिशाळ माणसांवर तिचा राग होता.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका माणसाची मुलाखत आणायची होती. तिने वेल्ह्याजवळच्या वाडीतली एक म्हातारी सुईण निवडली आणि मला सोबत नेलं. आजींच्या तोंडात एकही दात नव्हता, त्यामुळे ओठ वाचता येईनात. त्यात त्या चुलीकडे तोंड करून, अगदी हळू बोलत होत्या. मी ऐकून वहीत लिहीत होते, ती वाचत होती. बोलता बोलता आजी स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणावर आल्या. बराच वेळ बोलल्या. मी लिहिलं, लेक बाळंतपणात गेली, यांच्याच हातात.

तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढंच? त्या केव्हाच्या बोलतायत." मग सवयीने पुढे वाकून आजींना म्हणाली, "परत एकदा सांगा."

आजींनी मला विचारलं, "हिला ऐकू येत न्हाई व्हय?" मी मान हलवली. तशा त्या सरकत तिच्या पुढ्यात आल्या आणि जे आयुष्यभर कुजबुजत सांगितलं असेल, ते ओरडून सांगू लागल्या. "माजी पोर माज्या हातात गेली. गावाची बाळंतपणं केली म्या, आन् तिचंच जमलं न्हाई." शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. तिने हात वर केला. "बास, आजी. आलं ऐकू." पण आजींना आता थांबता येईना. त्या तेच तेच ओरडत राहिल्या. ती त्यांचे गुडघे धरून बसली होती आणि मी पेन हातात धरून नुसती बघत होते.

परतीच्या एसटीत नसरापूर आल्यावर ती म्हणाली, "मला ऐकू यावं म्हणून त्यांना ते ओरडावं लागलं. हे काम माझं न्हाई." मला खूप काही सांगायचं होतं. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसतं, म्हणून मी वही काढली. पण त्यात शेवटची ओळ आजींच्या लेकीची होती; मी ती मिटून ठेवली.

मुलाखत तिने कॉलेजात जमा केलीच नाही. सरांनी दोनदा बोलावलं, स्वतः वरपर्यंत जाऊन विचारून आले, पण प्रात्यक्षिकाशिवाय पत्रकारितेची पदवी देता येत नव्हती. कलेची तिला मिळाली, चांगल्या गुणांनी. मला दोन्ही मिळाल्या आणि एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर नोकरीही लागली. तुमच्याही ओळखीत अशी कुणी असेल, जिच्या जागी आपण बसलोय असं वाटत राहतं.

पुढे हायवे रुंद करायला घेतला, तेव्हा फाट्यावरची गॅरेजं उठली. तिच्या घरचे अम्मीच्या माहेरी, साताऱ्याकडे जाणार असं कळलं होतं, पण कधी ते ठाऊक नव्हतं. एका सकाळी माझी एसटी कापूरहोळला थांबली. रस्त्यापलीकडे सामान भरलेला टेम्पो उभा होता आणि ती आमच्याकडे पाठ करून दोरी आवळत होती. मी खिडकीतून तिला हाक मारली. उपयोग नाही हे माहीत असूनही पुन्हा मारली, अगदी गळा फाडून.

थांब्यावरची सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. तिने दोरीला गाठ मारली, हात झटकले आणि ती पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.