बुटक्या पुलाची उंची

मी राहायचो त्या परक्या शहरात, सोडाला भागातल्या बुटक्या पुलाखालून जाताना एक उंटगाडीवाला हलक्या हाताने उंटाची मान खाली करायचा. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशात मी त्या पुलाची उंची नुसती ‘९’ लिहिली होती. पाटीवर नऊ फूट होते. नकाशाने मीटर धरले. रविवारी बोलायला कुणी नसायचंच, म्हणून मी मोजपट्टी घेऊन खात्री करायला गेलो. त्या उंटगाडीवाल्याने न विचारताच तिचं दुसरं टोक धरलं.

“घर कितनी दूर है, भैया?”

“बाराशे किलोमीटर.”

“वो तो सड़क का नाप हुआ. घर गए कितने दिन हुए?”

मी महिने मोजायला लागलो आणि वर्षांवर आलो.