दोन रिपोर्ट आणि एक वेगळा पेला

माझं रक्त त्या वर्षी सगळ्या घरानं वाचलं. एक मीच तेवढी वाचायची राहिले होते.

दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. तेव्हा आम्ही पूर्णेला राहायचो. हे रेल्वेत, मी जवळच्या खेड्यात शाळामास्तरीण. गावातल्या डॉक्टरनं रक्त औरंगाबादला धाडलं. कागद आला: हर्पीस, पॉझिटिव्ह. डॉक्टरनं चष्मा वर सारला आणि माझ्याकडं न बघता ह्यांना सांगितलं, "हा संगतीचा रोग असतो."

संगत! सकाळी शाळा, संध्याकाळी चूल. कुणाची संगत करायला मला वेळ होता, ते तरी त्यानं सांगायचं होतं. ह्यांचं रक्त तपासा, असं मी म्हणाले, तर हे म्हणाले, "माझं कशाला? गर्भ माझा पडला का?" वा रे वा!

घरी आल्यावर सासूबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीजवळच्या कोनाड्यात एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला आणि एक ताटली दिसली. "तुजं हितून पुढं ह्याच्यात," त्या म्हणाल्या. "रोग लागट हाय म्हणायलेत."

हे कुठल्या घरात? ज्या घरात माझे सासरे येईल त्या पाहुण्याला सांगायचे, की गावच्या हाटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा आणि तरणेपणी आपण तो दगडावर आपटून फोडला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्यांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या होत्या. ते ओसरीवर बसून मला त्या पेल्यात चहा पिताना रोज बघत होते आणि पेपर वाचत होते.

मी हट्टानं दुसऱ्यांदा रक्त दिलं. ह्यांच्या ओळखीच्या गार्डाबरोबर ते हैदराबादला गेलं. तिथला कागद आला: हर्पीस, निगेटिव्ह. मला वाटलं, सुटले! कसलं काय. सासूबाई म्हणाल्या, "एक हो म्हणतो, एक न्हाई म्हणतो. म्हंजे कायतरी हायच की." मग माझ्याच कानावर पडेल अशा आवाजात, त्यांच्या भावाची पोरगी लय गुणाची हाय, फारकत काय अवघड न्हाई, असं बोलणं सुरू झालं. हे मान खाली घालून ऐकायचे. एकदा तरी "आई, गप बस" म्हणावं, तर तेही नाही.

शेवटी परभणीला एका बाई डॉक्टरकडं जायचं ठरलं. ती जे सांगेल त्यावर माझं घर राहायचं की जायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई मुद्दाम सोबत आल्या. स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं त्यांना.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही खरे आहेत," त्या म्हणाल्या. "ह्या पहिल्यात बघितलंय, हा जंतू आयुष्यात कधी अंगात आला होता का. ह्या दुसऱ्यात बघितलंय, आता नव्यानं आलाय का. जुना आहे, नवा नाही. गर्भ ह्यानंच पडला असं ह्यावरून कुणालाच म्हणता येणार नाही. आणि तो ओठाचा की खालचा, तेही ह्या तपासणीत कळत नाही."

"ओठाचा?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "आजी, तुमच्या ओठाला काय झालंय?"

"कुटं काय. ताप आलता, जर मुतलाय, फोड उठलेत. दरसाली मुततो."

"तो ह्याच जंतूनं होतो. बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या घरात लागतो."

मलाही लहानपणी, गोवराच्या तापानंतर, ओठावर जर मुतलेला आठवत होता. आई तूप लावायची. कुणी माझं ताट वेगळं केलं नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, तो पूर्णा स्टेशन येईपर्यंत काढला नाही.

घरी येऊन मी चहा टाकला. सगळ्यांना कपात दिला. कोनाड्यातला पेला घासला, भरला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. "आत्याबाई, हा तुमचा. रोग लागट हाय."

ओसरीवरनं सासरे ओरडले, "सूनबाई, सासूय ती तुजी!"

"आन मी कोण होते मामा?" माझा आवाज शेजारपाजारी गेला असेल, जाऊ दे. "हाटेलातला कप फोडला म्हणून सांगता ना? मग हा पेला चार महिने बघत होता, तवा तुमचा हात कुठं गेलता?"

त्यांनी पेपर परत तोंडापुढं धरला. सासूबाईंच्या पुढ्यातला चहा निवून त्याच्यावर साय धरली.

फारकतीचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. पण "चुकलं आमचं" असंही कुणी म्हणालं नाही. ना हे, ना सासरे. त्याचा राग मला अजून येतो.